आठवडी बाजार आणि स्वयंसेवक
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून शहरांतून स्वयंसेवक तेथे येत आले आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी काय करावे? मी म्हणेन, शेजारच्या भामरागडचा आठवडी बाजार पाहावा. पुण्या-मुंबईच्या मुलाला तो परमुलूखच. बोली माडिया, मराठी कामापुरती. मोहफुले, चिंच, डिंक, वास्ते सारे पाहावे; पण नजर तराजूवर ठेवावी. (फोटो काढणारे पुष्कळ येतात!)

या भागात एके काळी चारोळी देऊन मीठ घेत. उन्हातान्हात रानात वेचलेली चारोळी शहरात सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाई, आणि वेचणाऱ्याच्या पदरात मीठ! काटा मारण्याचीही गरज नव्हती. त्याला शहरातला भावच ठाऊक नव्हता. १९७६ साली प्रकल्पाने शाळा काढली. हिशेब येणारे पोर बापाशेजारी उभे राहिले की व्यापाऱ्याला जपून बोलावे लागते.

ब्रह्मजाल सुत्तात खोटा तराजू व खोटे माप वर्ज्य सांगितले आहे. आपण सम्यक आजीविका म्हणतो, ती याच ओट्यावर पारखली जाते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली तेथील ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. तेथेही जाऊन यावे.

विद्यार्थ्यांनो, बाजारातून येताना मिठाचा भाव आणि चारोळीचा भाव वहीत लिहून आणा. ती वही आपल्या वाचनालयात ठेवू.

जय भीम!