नेमाआधी ओळख : सागरी पोलिसांची रायफल आणि तिची साधने



मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभे राहून पश्चिमेकडे पाहिले, तर समुद्र रिकामा दिसत नाही. सर्जेकोट, देवबाग, निवती, आचरा येथील होड्यांचे दिवे दूरवर लुकलुकत असतात. त्यांतील बहुतेक सारे दिवे आपल्याच माणसांचे असतात; क्वचित एखादा तसा नसतो. सागरी पोलिसाच्या कामाचे सारे मर्म ‘बहुतेक’ आणि ‘क्वचित’ या दोन शब्दांत सामावलेले आहे. त्याच्या रायफलीवर कोणते दृष्टिसाधन असावे, दिवा असावा की नसावा, पट्टा कसा असावा, हे प्रश्न वरवर निव्वळ तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे उत्तरही याच दोन शब्दांत शोधावे लागते.

दोन बाजूंचे धडे

कोकणच्या किनाऱ्याने ‘क्वचित’ या शब्दाची किंमत मोजली आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गानेच मुंबईत आले. किनाऱ्यावर उतरताना त्यांना प्रथम हटकले ते मच्छीमार वस्तीतील सामान्य माणसांनी. त्यानंतर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोघांसमोर आपले शिपाई उभे राहिले, ते जुन्या ३०३ रायफली घेऊन. या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी तर कसाबच्या रायफलीची नळी हातांनी पकडून ठेवली आणि देह ठेवला. अशोकचक्राने गौरविलेले ते शौर्य अतुलनीय आहे. परंतु शिपायाच्या शौर्यावर साधनांची उणीव भरून काढण्याची वेळ येणे, हे कोणत्याही राज्याला भूषणावह नाही.

या हल्ल्यानंतर राज्यात फोर्स वन उभी राहिली, किनारी ठाण्यांना नौका मिळाल्या, शस्त्रे बदलू लागली. हे सारे आवश्यकच होते. मात्र दुसऱ्या बाजूचा धडाही तितकाच मोलाचा आहे.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या. नौका चाच्यांची आहे, असा त्यांचा समज झाला होता. दोन भारतीय मच्छीमार प्राणास मुकले. गोळ्या झाडणारे अननुभवी नव्हते आणि त्यांची शस्त्रेही जुनाट नव्हती. उणीव होती ती ओळखीची. पुढे हा वाद आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला, दहा कोटी रुपयांची भरपाई झाली आणि २०२१ मध्ये प्रकरण मिटले. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी शेजारचे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका वाहत आली. तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या. साऱ्या राज्याचा श्वास रोखला गेला. तपासाअंती कळले, की नौका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती, ओमानजवळच्या समुद्रात खलाशांची सुटका झाल्यावर ती सोडून दिली गेली होती आणि पावसाळी प्रवाहाबरोबर वाहत इकडे आली होती. समुद्रावर दिसते एक आणि असते दुसरेच, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

या तीन घटनांतून निवडीचा पहिला निकष आपोआप ठरतो. सागरी पोलिसाला दिले जाणारे प्रत्येक साधन आधी ओळख पटविण्यास आणि मगच नेम धरण्यास उपयोगी पडले पाहिजे.

दुर्बीण हातात, रायफलीवर नव्हे

सर्वसामान्यांची समजूत अशी, की रायफलीवर मोठी दुर्बीण बसविली म्हणजे पोलीस अधिक सज्ज झाला. सागरी गस्तीबाबत ही समजूत दोन कारणांनी चुकीची ठरते.

पहिले कारण समुद्राचे. होडी डोलत असते. दुर्बीण दृश्य चारपट मोठे करते, तेव्हा हाताचा आणि होडीचा कंपही चारपट मोठा दिसतो. शिवाय दृश्याची चौकट आक्रसते आणि बाजूची दुसरी होडी नजरेआड होते. दूरवरून अचूक वेध घेणाऱ्या विशेष पथकाच्या नेमबाजाला शक्तिशाली दुर्बीण हवीच; गस्तीवरच्या शिपायाला ती अडथळा ठरते.

दुसरे कारण नीतीचे आहे. रायफलीवरच्या दुर्बिणीतून एखाद्याकडे पाहणे म्हणजे भरलेली बंदूक त्याच्यावर रोखणे होय. रात्री रापण ओढणाऱ्या किंवा जाळी टाकणाऱ्या मच्छीमाराला ‘कोण आहे ते पाहू’ म्हणून नळीसमोर धरणे मुळीच योग्य नाही. पाहण्याचे काम हातातल्या दुर्बिणीचे. जगभरचे दर्यावर्दी सात पट मोठे दाखविणारी आणि पन्नास मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची दुर्बीण वापरतात, ते याचसाठी. हलत्या होडीवर हाताने स्थिर धरता येईल अशी तिची ताकद असते आणि मंद प्रकाशात पुरेसा उजेड ती डोळ्यापर्यंत पोहोचवते. उष्णतेवरून आकृती दाखविणारे थर्मल उपकरणही टेहळणीसाठी उत्तम. मात्र ते ‘तेथे माणूस आहे’ इतकेच सांगते, ‘तो कोण’ हे सांगत नाही. म्हणून असे उपकरण टेहळणी करणाऱ्याच्या हाती असावे, चापाशी जोडलेले नसावे.

मग रायफलीवर काय असावे? बिनभिंगाच्या जुन्या पद्धतीत शिपायाला बॅक साइट, फोर साइट आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. दिवसा, चांदमारीच्या मैदानावर हे जमते; काळोखात, घाबरलेल्या श्वासात फोर साइटचे टोक दिसेनासे होते. रेड डॉट साइटमध्ये मोठे करून दाखविण्याची शक्ती नसते. काचेत एक लाल ठिपका दिसतो आणि तो लक्ष्यावरच टेकल्यासारखा भासतो. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, त्यामुळे आजूबाजूचे भान सुटत नाही. लेझरसारखा किरण बाहेर जात नसल्याने समोरच्याला तो दिसतही नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये हे साधन बाजारात आणले. ते आता जगभरच्या पोलीस दलांत रुळले आहे.

त्याची मर्यादाही शिपायाला ठाऊक हवी. हे साधन नळीच्या पाच-सात सेंटिमीटर वर बसते. म्हणून अगदी जवळच्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या तितकीच खाली लागते. ओलीस धरलेल्या माणसाच्या खांद्याआडून दिसणाऱ्या हल्लेखोरासमोर या दोन इंचांचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

खारा वारा हा कठोर परीक्षक

दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनात झळकणारे साधन देवगडच्या जेटीवर एक पावसाळा काढील, याची खात्री नसते. कोकणचा दमटपणा आणि मीठ यांच्यापुढे लोखंडाचे काही चालत नाही. ‘आयपी ६७’ असा शिक्का असलेले उपकरण एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते; परंतु ती परीक्षा पाण्याची असते, मिठाची नव्हे. क्षारफवाऱ्याची चाचणी निराळी असते आणि खरेदीच्या अटींत ती आवर्जून मागावी लागते. ॲल्युमिनियमचा जोड पोलादी रायफलीवर बसविला आणि मध्ये खारे पाणी शिरले, तर दोन धातूंच्या संयोगाने गंज चढू लागतो. स्क्रू असे धरतात की निघता निघत नाहीत. भिंगांच्या आत कोरडा नायट्रोजन भरून ते बंद केलेले नसेल, तर आतून बाष्प धरते. उघड्या बांधणीच्या रेड डॉट साइटमध्ये पावसाचा एकच थेंब प्रकाशाच्या उगमावर बसला, तरी ठिपका विस्कटतो. चहूबाजूंनी बंद असलेली बांधणी किंचित जड असते, पण या किनाऱ्यासाठी तीच योग्य.

बॅटरीसारखी क्षुल्लक वाटणारी बाबही येथे निर्णायक ठरते. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल कुडाळच्या कोणत्याही दुकानात मिळतो. जो सेल केवळ मुंबईहून मागवावा लागतो, तो संपताच महागडे उपकरण निर्जीव होते. म्हणूनच काच कितीही उत्तम असली, तरी मूळच्या फोर साइट आणि बॅक साइट काढून टाकू नयेत.

देखभालीची ही दृष्टी आपल्याला नवी नाही. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरील दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून, उन्हे देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवण्याचा दंडक घालून दिला आहे. तोफ केवढी मोठी, याइतकीच दारू कोरडी आहे ना, याची चिंता त्या राज्यकर्त्यांना होती. आज शस्त्रागारातील हवालदाराने गस्तीहून आलेली रायफल आणि तिची साधने गोड्या पाण्याने पुसणे, वाळविणे, पुलथ्रूने नळी साफ करून तेल देणे, आणि ते तेल भिंगाला लागू न देणे, हे त्याच दंडकाचे आधुनिक रूप होय.

निवडीचा क्रम

साधने निवडताना क्रम महत्त्वाचा. पहिला मान पट्ट्याला, म्हणजेच स्लिंगला द्यावयास हवा. संशयित होडीवर चढताना, दोर पकडताना, बुडणाऱ्याला वर ओढताना शिपायाला दोन्ही हात मोकळे हवेत. दोन ठिकाणी जोडलेला, झटकन लांब-आखूड करता येणारा पट्टा नसेल, तर रायफल एक तर पाण्यात जाते किंवा दुसऱ्याच्या हाती लागते.

दुसरा मान दिव्याचा. काळोखात समोरच्याच्या हातात कोयता आहे, मोबाइल आहे की पिस्तूल, हे दिव्याखेरीज कळत नाही. तरीही शोध घेण्यासाठी हातातली विजेरी आणि रायफलीवरचा दिवा केवळ धोका समोर ठाकल्यावर, ही शिस्त पाळावी लागते. दिव्याची कळ चापाच्या बोटाने दाबावी लागू नये, अशा ठिकाणीच ती असावी.

तिसरा मान रेड डॉट साइटचा. त्यासाठी रायफलीवर पिकॅटिनी रेल, म्हणजे खाचांची प्रमाणित पट्टी हवी. जुन्या एके-४७ चे वरचे झाकण पातळ पत्र्याचे आणि सैल असते. त्यावर बसविलेले साधन दर वेळी किंचित सरकते आणि नेम हरवतो. अशा रायफलीला स्वस्त जोड लावून सजविण्यापेक्षा आधी पक्की बैठक मिळवून द्यावी. पुण्यातील पाषाणच्या एआरडीई संस्थेने विकसित केलेल्या जेव्हीपीसी या स्वदेशी कार्बाइनवर अशी पट्टी मूळचीच आहे. रायफलींची दृष्टिसाधने तयार करणारे शासकीय कारखानेही देहरादूनला आहेत. प्रत्येक वेळी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही.

या तिन्हींपलीकडचे लेझर, मुठी, तिवया वगैरे बहुतेक वेळा भाररूप ठरतात. भरलेली इन्सास चार किलोंहून अधिक वजनाची असते. तीत आणखी किलोभर भर घातली, तर पहाटेपर्यंत ती कोणाच्या खांद्यावर राहणार आहे, याचा विचार खरेदी करणाऱ्याने केलाच पाहिजे.

काचेपेक्षा काडतूस

या साऱ्याहून मोठी एक गोष्ट कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. ती म्हणजे सराव. मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या आणि दारूगोळ्याच्या उणिवेवर बोट ठेवले होते. रेड डॉट साइट बसविल्यावर प्रत्येक रायफलीचे झिरोइंग करावे लागते, म्हणजे ठिपका आणि गोळी यांचा मेळ घालावा लागतो. यासाठी काडतुसे खर्च होतात, दिवस खर्च होतो. तो खर्च टाळला, तर लाखभर रुपयांचे साधन अंदाजाने गोळी झाडण्याचे निमित्त ठरते. चांदमारी वर्षातून एकदा उरकण्याचा सोपस्कार राहू नये. रात्री झाली पाहिजे, डोलत्या होडीवरही झाली पाहिजे. आणि तीत ‘गोळी झाडू नका’ असे शिकविणारे लक्ष्यही असले पाहिजे. जाळे हाती घेतलेल्या माणसाच्या आकृतीवर गोळी न झाडणारा शिपाई हाच खरा उत्तम नेमबाज.

सिंधुदुर्गचा किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा आहे. इतक्या लांबीवर पोलिसाचे डोळे पुरे पडणार नाहीत. ते काम मच्छीमाराचेच डोळे करतात. पर्ससीन आणि पारंपरिक मासेमारीचा वाद असो, वा २०१७ मध्ये बंदी आलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा, त्या तंट्यांतही याच पोलिसाला याच होड्यांजवळ जावे लागते. ज्याच्यावर विनाकारण नळी रोखली गेली, तो मच्छीमार उद्या अनोळखी होडीची वर्दी देण्यास पोलीस ठाण्याची पायरी चढेल काय?

नागरिकांचे कर्तव्यही येथेच येते. जिल्ह्याच्या नियोजनातून पोलिसांना वाहने आणि उपकरणे मिळतात, तेव्हा त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. जागरूक नागरिकांनी लोकप्रतिनिधींना आणखी तीन प्रश्न विचारावेत : या उपकरणांच्या देखभालीची तरतूद किती? सरावाच्या काडतुसांची तरतूद किती? आणि गेल्या वर्षभरात किनारी ठाण्यांतील शिपायांनी रात्रीची चांदमारी किती वेळा केली? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळू लागली, की रात्री गस्तीवर निघालेला शिपाई आणि जाळे टाकायला निघालेला मच्छीमार, दोघेही पहाटे सुखरूप बंदराला लागतील.