अस्थिमज्जेचे दान आणि दिलेला शब्द

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्ते आपणांस उद्बोधक विचार ऐकवीत असतात. त्यांच्या मालिकेत माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराला उभे करून चिटणीसांनी मोठेच धाडस केले आहे. मी उपदेश करावयास आलेलो नाही. एक कबुली द्यावयास आलो आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाने महाविद्यालयातील एका शिबिरात रक्तमूलपेशींचा दाता म्हणून आपले नाव नोंदविले. पुढे दोन वर्षांनी त्याला बोलावणे आले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या कोणा रुग्णाशी त्याच्या पेशींची जुळणी होत होती. मुलगा पुढील तपासणीस निघाला. मी आडवा आलो. "मज्जा काढणार म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालणार. उद्या जन्माचा पांगळा झालास तर?" मुलाने वडिलांचा मान राखला आणि नकार कळविला.

सज्जनहो, मी तीस वर्षे शास्त्र विषय शिकविला आहे. मज्जारज्जू निराळा आणि अस्थिमज्जा निराळी, हा भेद मी फळ्यावर आकृत्या काढून समजावीत असे आणि उत्तरात चूक झाल्यास गुणही कापीत असे. पण पोटच्या पोराची वेळ येताच एका 'मज्जा' शब्दाने माझी मती गुंग झाली. तो रुग्ण कोण, कोणत्या गावचा, पुढे त्याचे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. दाता व रुग्ण यांना परस्परांची ओळख कळू न देण्याचा नियमच आहे. तेव्हा क्षमा मागावयाची तरी कोणाची? म्हणून ती आपणां सर्वांसमोर मागतो, आणि जे मी तेव्हा समजून घ्यावयास हवे होते ते आज सांगतो.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते. तीव्र रक्तकर्करोगात तेथे अपक्व पांढऱ्या पेशींचे तण माजते आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. औषधांनी हे तण प्रथम कापता येते; परंतु प्रौढ रुग्णांपैकी अनेकांत ते पुन्हा उगवते. ज्यांच्या बाबतीत हा धोका अधिक, त्यांना दुसऱ्याच्या मूलपेशी देण्याचा विचार होतो. प्रखर औषधे, आणि क्वचित किरणोपचारही, देऊन रुग्णाची जुनी मज्जा मोडून काढतात. मग दात्याच्या पेशी रक्तासारख्याच शिरेतून सोडतात. त्या आपण होऊन हाडांत वस्तीस जातात, नवे रक्त घडवितात आणि उरल्यासुरल्या रोगट पेशींचाही समाचार घेतात. अमेरिकेतील डॉ. डॉनल टॉमस यांनी आयुष्यभर या विद्येचा पाठपुरावा केला आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्या देशातील पहिले असे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले.

हा उपाय रामबाण आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. रोग पुन्हा उलटू शकतो, जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो. आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर चालून जाऊ शकतात. तरीही अनेकांना यानेच आयुष्य परत मिळाले आहे.

आता जुळणीविषयी. येथे रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही; उलट दात्याचा गट निराळा असेल तर कालांतराने रुग्णाचाच गट बदलून दात्याचा होतो! जुळावी लागतात ती पेशींवरील एच. एल. ए. नामक ओळखचिन्हे. ती निम्मी आईकडून व निम्मी वडिलांकडून येतात. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक, आणि आईवडील व मुले बहुधा अर्धीच जुळतात. गेल्या दोन दशकांत अशा अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपणे यशस्वी होऊ लागली आहेत, ही मोठी दिलाशाची गोष्ट होय. तथापि पूर्वीसारखी सहा-सात भावंडे आता घरोघर नाहीत, आणि जो आप्त जुळतो तोही वयाने वा प्रकृतीने दान करण्याजोगा असेलच असे नाही. अशा वेळी परक्या दात्याची नोंदवहीच उपयोगी पडते.

ही चिन्हे वंशपरंपरेने येत असल्यामुळे भारतीय रुग्णास जुळणारा दाता भारतीय वंशातच सापडण्याचा संभव अधिक. आपल्यासारख्या पिढ्यानपिढ्या आपसांत सोयरिकी केलेल्या समाजात काही चिन्हे वारंवार आढळावीत, हेही स्वाभाविक आहे. परंतु यावरून 'आपले दान आपल्यांनाच' असा अर्थ कोणी काढू नये. नोंदवही जात विचारीत नाही, आणि ज्याच्यासाठी बोलावणे येते त्याचे आडनाव आपणांस कळत नाही. यातच या दानाचे मोठेपण आहे.

दात्याला करावे लागते ते इतकेच. नोंदणीच्या वेळी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवितात. पुढे जुळणी झाली तर चार-पाच दिवस इंजेक्शने देतात. त्यामुळे मूलपेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात व उरलेले रक्त परत शरीरात येते. यास काही तास लागतात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडे दुखतात, डोके दुखते; ते बहुधा काही दिवसांत थांबते. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. कण्याला कोणी हात लावीत नाही! दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर भरून काढते.

आणि आता मुख्य गोष्ट. नाव नोंदविणे म्हणजे शब्द देणे होय. दाता कोणत्याही क्षणी नकार देऊ शकतो. तसा त्याला अधिकार आहे. परंतु रुग्णाची मज्जा मोडण्याचे उपचार दान होण्याच्या काही दिवस आधीच सुरू होतात. त्यानंतर दाता मागे फिरला तर रुग्णाच्या अंगी ना जुनी मज्जा उरते, ना नवी येते. माझ्या मुलाने निदान आधी नकार दिला, एवढेच समाधान मी मानावे काय? तेही मला साधत नाही.

म्हणून तरुणांनी घरी बोलून, शंका विचारून, मगच नाव द्यावे. आणि वडीलधाऱ्यांनी नोंदणीच्या दिवशीच आपली भीती बोलून दाखवावी, बोलावणे आल्यावर नव्हे. संघाने पुढील संमेलनात असे शिबिर भरवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. चेन्नई येथे २००९ साली स्थापन झालेल्या 'दात्री'सारख्या संस्था या कामी साहाय्य करतात. शिबिराआधी एक सभा केवळ आईवडिलांसाठी घ्यावी. तेथे प्रश्नांना उत्तरे देण्यास डॉक्टर असावेत, आणि खुर्च्या मांडण्यास मी येईन.

माझ्या मुलाने गतवर्षी पुन्हा नाव नोंदविले. त्याला पुन्हा बोलावणे येईलच असे नाही. बहुतेक दात्यांना ते कधीच येत नाही. आले, तर या वेळी त्याला रुग्णालयात पोहोचवावयास मी स्वतः जाणार आहे.