लोखंडाचे ओझे आणि मजुराचा जीव
(मेहकर येथील भाषण)



२० ऑगस्ट २०२१ रोजी शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात, तढेगावनजीक, समृद्धी महामार्गाच्या कामाच्या लोखंडी सळया नेणारे टिप्पर उलटले. त्याच गाडीतून निघालेले १३ मजूर मृत्युमुखी पडले. मालाच्या गाडीत माणूस बसता कामा नये, हा त्याचा धडा.

सोळा मिलिमीटर जाडीची, बारा मीटर लांबीची एक सळई सुमारे १९ किलो भरते. पाच सळया म्हणजे ९५ किलो! गावातील शाळाखोलीच्या बांधकामावरही हे ओझे एकट्याच्या खांद्यावर देऊ नये. हातमोजे व जाड बूट ठेकेदाराकडून मागून घ्यावेत.

दुखापतीच्या भरपाईचा हक्क कायद्याने १९२३ सालीच मान्य केला. परंतु मजुराचे नावच हजेरीपटावर नसेल, तर त्याच्या विधवेने तो कसा सिद्ध करावा? म्हणून सरपंचांनी प्रथम हजेरीपट पाहावा, ही विनंती.