तान्हुल्याचा ताबा



प्रमुख पाहुण्याने यश, जिद्द आणि राष्ट्रोन्नती या त्रयीवर प्रवचन करावे व श्रोत्यांनी ते सोसावे, असा शालेय संमेलनांचा जुना शिरस्ता आहे. तथापि आज मी अशा एका कामाविषयी बोलणार आहे, की जे तुम्हा विद्यार्थ्यांपैकी अनेकांवर, विशेषतः मुलींवर, यत्किंचितही पूर्वतयारी न करवून घेता सोपवले जाते आणि जे चोख पार पडले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. घरची वडीलधारी माणसे बाहेर गेली असता धाकट्या भावंडाला, अथवा शेजारच्या तान्ह्याला, सांभाळण्याचे हे काम.

त्यापायी किती मुलींची शाळा सुटली असेल! १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभून १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या सान्निध्यात गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे स्पष्ट दिसले, की थोरली मुलगी शाळेत येत नाही ती अभ्यासाच्या कंटाळ्याने नव्हे, तर कडेवर भावंड असल्यामुळे. तेव्हा मुलीला बोल न लावता त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांचा एकत्र मेळ घालणारी ‘विकासवाडी’ उभी केली. ताईने भावंडासह यावे, त्याला जाणत्या हाती द्यावे आणि स्वतः निर्धास्तपणे वर्गात बसावे. मूल सांभाळण्यास जाणते हात लागतात, ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली. आपण मात्र मुलीच्या जातीला ते उपजतच येते असे समजतो, आणि मुलग्यांना तर त्यातून परस्पर माफीच देऊन टाकतो, जी या सभेपुरती तरी मी रद्द करीत आहे.

माझी हयात महसूल खात्यात गेली. तिजोरीचा ताबा घेताना शिल्लक मोजल्यावाचून आणि किल्ल्या पदरात पडल्यावाचून कोणी सही करीत नसे. पण घरातल्या जित्याजागत्या जिवाचा हवाला मात्र ‘जरा लक्ष ठेव गं’ एवढ्या तोंडी हुकमावर दिला जातो. म्हणून आई उंबरठा ओलांडण्यापूर्वी तिला थांबवून विचारावे: दूध केव्हा पाजले, झोपेची वेळ कोणती, कोणता पदार्थ सोसत नाही, औषध असल्यास किती, आणि अडचण आल्यास फोन कोणाला करायचा. ही उत्तरे कागदावर टिपून घ्यावीत. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांकही त्यातच लिहावा.

मग रांगत्या मुलाच्या उंचीवर येऊन घर पाहावे. न्हाणीघरातील बादलीत वीतभर पाणीही घातक ठरते. शेंगदाणे, फुटाणे, नाणी, घड्याळातील चपटे सेल मुठीत येऊ देऊ नयेत. तान्ह्याला उताणेच निजवावे. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणीदेखील नको, आणि वर्षाच्या आत मध नको. आजीबाईंचा या कलमावर आक्षेप येईल, पण तो नम्रपणे परत करावा. भाजल्यास हळद वा टूथपेस्ट न लावता तो भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा आणि मोठ्या माणसाला हाक मारावी.

खरी कसोटी लागते ती मूल रडू लागल्यावर. पोट भरलेले, दुपटे कोरडे, अंगात ताप नाही, तरीही मूल थांबत नाही, आणि सांभाळणाऱ्याच्या मनात प्रथम केविलवाणेपण व पाठोपाठ संताप दाटून येतो. तो येणारच, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मात्र त्या भरात मुलाला गदागदा हलवणे म्हणजे त्याच्या कोवळ्या मेंदूला जन्माची इजा करणे होय. अशा वेळी त्याला पाळण्यात सुखरूप ठेवावे, दाराशी जाऊन चार दीर्घ श्वास घ्यावेत, आणि तरीही निभत नसेल तर शेजारच्या काकूंना बोलवावे.

आई परतली की झाल्या प्रकाराचे निवेदन करावे, आणि मूल पडून डोक्याला टेंगूळ आले असेल तर ते सर्वांत आधी सांगावे, कारण पुढे उलटी झाली किंवा मूल अवेळी पेंगू लागले तर डॉक्टरांना पहिली तीच हकीकत लागते. आणि पालकहो, त्या क्षणी तुम्ही सांभाळणाऱ्यावर खेकसलात, तर पुढच्या खेपेस ते टेंगूळ टोपड्याखाली झाकले जाईल.