भट्टी विझल्यानंतरचा हिशेब

३० सप्टेंबर २०२४ रोजी वेल्समधील पोर्ट टॅलबटची अखेरची झोतभट्टी विझली. कारखाना टाटांचा. सुमारे २८०० रोजगारांवर गदा आली. नव्या विद्युत भट्टीसाठी ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले; कामगार व परिसराच्या पुनर्वसनासाठी ८ कोटी. यंत्राला माणसाच्या सहापट! अर्थात ती भट्टी नसती तर उरलेले रोजगारही गेले असते, हेही खरे. परंतु बेकारभत्त्याने चूल पेटते, हातचे कसब टिकत नाही. तप्त रसाशी आयुष्यभर झुंजलेला पन्नाशीचा कारागीर गोदामात खोकी उचलू लागला, तर ती हानी कोणत्या ताळेबंदात मांडायची? इंग्लंडमधील रेडकारलाही २०१५ मध्ये ८ कोटींचेच साहाय्य जाहीर झाले होते. तेथील भट्टी पुन्हा पेटली नाही; २०२२ मध्ये ती पाडली गेली.