रंगाआधीचे चित्र



फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात लिओनार्दो दा विंचीचे एक अपुरे चित्र आहे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी राजे बाळ येशूला वंदन करतात, हा त्याचा विषय. शहराबाहेरच्या सान दोनातो मठाने हे काम १४८१ साली लिओनार्दोला दिले. मुदत चोवीस महिन्यांची, फार तर तीस. लवकरच लिओनार्दो मिलानला निघून गेला आणि चित्र राहिले ते राहिलेच. वाट पाहून थकलेल्या मठाने पुढे फिलिप्पिनो लिप्पीकडून त्याच विषयाचे दुसरे चित्र करून घेतले. ते १४९६ सालचे, तेही उफिझीतच आहे, आणि ते पूर्ण आहे. तरीही चित्रकार मंडळी थांबतात ती लिओनार्दोच्या अपुऱ्या चित्रापुढे.

लाकडी फळ्या जोडून केलेला, उंची-रुंदीला जवळपास अडीच मीटरचा हा फलक. त्यावर रंग म्हणावा असा फारसा नाहीच. पांढुरक्या अस्तरावर आधी रेखाटन, मग तपकिरी आणि काळसर रंगाचे पातळ हात. मेरी आणि बाळ उजळ दिसतात, कारण तिथे लिओनार्दोने अस्तर बव्हंशी मोकळे सोडले आहे. भोवतीची गर्दी मात्र अंधारातून वर येते. एखादे कपाळ, एखादा पसरलेला हात, घोड्याची मान. २०१७ साली संपलेल्या मोठ्या दुरुस्तीत जुन्या पिवळट वार्निशचे थर उतरवले गेले, तेव्हा आकाशातला फिकट निळाही नीट दिसू लागला. या चित्रात कपडे रंगायचे राहिले, चेहऱ्यांवर मांसरंग चढायचा राहिला. पण उजेड कुठून येतो, कुणावर पडतो आणि कुणाला सोडून जातो, हे सगळे ठरलेले आहे. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की तैलचित्रातला उजेड या पहिल्या थरात ठरतो, आणि म्हणून आपल्याकडे घाईने उरकल्या जाणाऱ्या या थराला खरा वेळ दिला पाहिजे.

या थराला चित्रकार अंडरपेंटिंग म्हणतात. पद्धत साधी आहे. कॅनव्हासवर रॉ अंबर किंवा बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून घ्यायचा. गडद जागा भरायच्या, उजळ जागा चिंधीने पुसून काढायच्या, मधले टोन शोधायचे. कुणी काळ्या-पांढऱ्यात काम करतात, त्या करड्या चित्राला ग्रिसाय म्हणतात. इटलीत मांसरंगाखाली हिरवी माती लावण्याची जुनी चाल होती. मायकेलअँजेलोच्या नावावर असलेले एक अपुरे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचे आहे, तेलाचे नव्हे; पण डावीकडच्या देवदूतांच्या अंगावरचा हिरवा थर त्यात उघडा राहिल्यामुळे ही चाल डोळ्यांनी पाहता येते.

रंग बाजूला का ठेवायचा? कारण रंग डोळ्याला फसवतो. भडक लाल आहे त्याहून उजळ वाटतो. पिवळा गडद करायला जावे तर तो पिवळा राहत नाही. समोर व्यक्ती बसलेली असताना गालाचा रंग कोणता आणि गाल किती उजळ, हे दोन्ही प्रश्न एकाच फटकाऱ्यात सोडवायला गेले की नवशिक्याचे दोन्ही बिघडतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश काढायला बसवले गेले, त्यामागचा विचार हाच होता. तो विचार कागदावर शिकायचा आणि कॅनव्हासपुढे उभे राहिल्यावर विसरायचा, हे मला पटत नाही.

पण अंडरपेंटिंग ही नुसती तयारी असती तर मी त्यावर इतका वेळ घेतला नसता. वरचे थर चढल्यावरही ते काम करत राहते. तेलात कालवलेला पारदर्शक रंग उजळ करड्यावर पातळ पसरला, की प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. म्हणून जुन्या चित्रांतले लाल वस्त्र आतून उजळल्यासारखे दिसते. नळीतून काढलेला लाल जाड थापून ते साधत नाही. याच्या उलट, गडद तपकिरीवर पांढरट रंगाचा अगदी विरळ हात फिरवा. तिथे निळसर, थंड छटा उमटते, निळ्याचा कणही न वापरता. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळा दिसतो, तेच हे. लिओनार्दोनेही धुराचा हा निळेपणा आपल्या टिपणांत नोंदवला आहे. जबड्याखालच्या, कपाळाच्या कडेच्या ज्या नाजूक छटा पॅलेटवर कालवून हाती लागत नाहीत, त्या अशा दोन थरांमधून मिळतात.

यात एक पथ्य आहे आणि ते रसायनाचे आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते कडक होते, आणि त्याला वेळ लागतो. खाली तेलकट थर आणि वर कमी तेलाचा थर दिला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. म्हणून पहिला थर कमीत कमी तेलाचा. अंबर इथे उपयोगी पडतो, कारण त्यातल्या मँगनीजमुळे तेल लवकर वाळते.

व्हेनिसचा तिशियन या वाळण्याच्या काळाचाच उपयोग करून घेई. त्याच्या कामाच्या रीतीचे वर्णन चित्रकार धाकट्या पाल्माच्या तोंडून ऐकलेले म्हणून कलालेखक बोस्किनीने १६७४ साली छापले. तिशियन थोडक्या रंगांत चित्राचा पाया घाली आणि कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून देई, कधी कधी महिनेच्या महिने. मग परत वळवून, हाडवैऱ्याकडे पाहावे तशा नजरेने त्यातले दोष शोधी. पाया घालणारा आणि पाया तपासणारा यांच्यात इतके अंतर पडू देणे, ही मला फार मोठ्या चित्रकाराची खूण वाटते.

डेल्फ्टचा व्हर्मीर हा संथ, मोजूनमापून काम करणारा, अशी आपली समजूत. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली त्याच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राची नवी तपासणी जाहीर केली. अवरक्त किरणांत कार्बनचा काळा स्पष्ट दिसतो. वरच्या शांत, मलईसारख्या रंगाखाली सापडले ते भराभर ओढलेले काळे फटकारे. बाईच्या डोक्यामागे सुरया टांगायची फळी त्याने आधी आखली होती, कोपऱ्यात शेगडी ठेवायची टोपलीही होती. नंतर दोन्ही गेले आणि मागे मोकळी भिंत राहिली. ती भिंत हे त्या चित्राचे अर्धे सामर्थ्य आहे. खालच्या थरात तो धीटपणे चुकू शकला, म्हणून वरच्या थरात इतका निश्चिंत राहिला, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात रंग नळीत मिळू लागले, फ्रान्समधले चित्रकार उघड्यावर गेले आणि पांढऱ्या कॅनव्हासवर थेट रंगात काम करू लागले. ढग सरकत असताना ग्रिसाय वाळायची वाट कोण पाहणार? त्या चित्रांचा आनंद वेगळा आहे आणि मी तो मनापासून घेतो. व्यक्तिचित्र, खोलीतला उजेड, संध्याकाळचे आतले दृश्य, अशा कामांना मात्र मला खालचा थर हवाच असतो.

समोर बरेच कलाविद्यार्थी बसलेले दिसतात, त्यांच्यासाठी शेवटची एक गोष्ट. अंडरपेंटिंग पूर्ण झालेल्या चित्राइतके गडद करू नका. वर येणारा प्रत्येक पारदर्शक हात चित्राला थोडे आणखी खोल नेतो, आणि खाली काळोख असेल तर प्रकाशाला परत यायला जागाच उरत नाही. शेवटी जेवढी सावली हवी, तिच्याहून एक-दोन पायऱ्या उजळ थांबा आणि थर नीट वाळू द्या. बोट टेकवून रंग लागत नाही ना, हे पाहा, आणि मगच पहिल्यांदा रंगाची नळी उघडा.