केसपेपरवरचा एक जादा प्रश्न



कमलाभवानीच्या करमाळ्यात बोलावून तुम्ही मला जिल्ह्यातल्या डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंच्या या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात. थेट विषयाला हात घालतो.

हवेतल्या विषारी धातूंचा विषय करमाळ्यात कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आपलं सोलापूर शहर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. आपल्या तालुक्यातली पोरं पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपमध्ये राबतात आणि आजारी पडली की गावाकडे, आपल्याच दवाखान्यात येतात. शिवाय भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या बाद झाल्या की भंगारात जातात. पुढे त्यांचं काय होतं, हे आपण विचारत नाही. उजनी धरणाकाठच्या माणसाला भीमेतून येणारं पुण्याचं सांडपाणी वासावरून कळतं. हवेतल्या शिशाला वासही नसतो.

मोबाइलवर हवेचा निर्देशांक दिसतो. तो बहुतेक वेळा सूक्ष्म धूळ किती, एवढंच सांगतो. त्या धुळीत काय आहे हे कळायला फिल्टर पेपर प्रयोगशाळेत न्यावा लागतो. आपल्या देशाच्या 2009 च्या मानकांत वर्षाची सरासरी मर्यादा पाहा : पीएम 2.5 या सूक्ष्म धुळीसाठी घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, शिशासाठी 0.5 मायक्रोग्रॅम, निकेलसाठी 20 नॅनोग्रॅम आणि आर्सेनिकसाठी अवघे 6 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. कॅडमियमचं तर त्या यादीत नावच नाही.

हे धातू येतात कुठून? कोळशातून आर्सेनिक आणि पारा, फर्नेस ऑइलमधून निकेल आणि व्हॅनेडियम, गाड्यांच्या ब्रेकमधून तांबं आणि अँटिमनी, टायर झिजून जस्त. दिवाळीच्या आतषबाजीतला हिरवा रंग बेरियमचा. प्रत्येक धातूमागे कुणाचा तरी धंदा, कुणाचं तरी यंत्र असतं. धातू जळून नाहीसा होत नाही. तो धुरातून उडतो, खाली बसतो, झाडूने पुन्हा उडतो.

बॅटरी गाळण्याचं काम डोळ्यांसमोर आणा. हातोड्याने खोकं फोडायचं, तेजाब मातीत ओतायचं, प्लेटा काढून कढईत टाकायच्या. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. साधी भट्टी पुरते. वर पिवळसर धूर उठतो. काम करणारा संध्याकाळी त्याच शर्टाने घरी येतो, धाकट्याला कडेवर घेतो, आणि दिवसभराची ती धूळ पोराच्या हाताला आणि हातावरून तोंडात जाते.

पुढची गोष्ट आपल्या वैद्यकशास्त्राची. शरीराला शिसं कॅल्शियमसारखंच वाटतं. ते हाडांत जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम करतं आणि गरोदरपणात हाडं झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरतं, वारेतून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलांच्या मेंदूची वाढ ते खुंटवतं. त्याची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. आर्सेनिक, कॅडमियम, निकेलची संयुगं आणि सहा संयुजेचं क्रोमियम यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

आता आपल्या ओपीडीकडे वळू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 6 ते 59 महिन्यांच्या शंभरातल्या सुमारे 69 बालकांत रक्तक्षय आढळला. आपण लोहाचं औषध लिहून देतो, आणि ते बरोबरच आहे. पण शिसं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकरांनाच अडवतं, आणि ज्या मुलाला लोह कमी, त्याचं आतडं शिसं जास्त शोषतं. म्हणजे गरिबाच्या पोराला दुहेरी मार. औषध देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर "गोळ्या वेळेवर देत नाहीत" असं आईला बोलण्याआधी बाप काय काम करतो, हे विचारायला हवं.

हा प्रश्न माझा नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. तीनशे वर्षांनंतरही आपल्या केसपेपरवर वय, वजन, पत्ता असतो. धंद्याचा रकाना बहुधा कोराच.

निराश व्हायचं मात्र कारण नाही. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. 2021 मध्ये अल्जीरियाने ते थांबवलं आणि जगातल्या गाड्यांसाठी त्याची विक्री संपली. तेव्हा लोकांना तोंडाला रुमाल बांधायला सांगून भागवलं नाही. पेट्रोलमधूनच शिसं काढलं. विष जिथून निघतं तिथेच अडवायचं असतं, आणि ते कुठून निघतं हे रोग्याच्या तोंडून सगळ्यात आधी डॉक्टरला कळू शकतं.

म्हणून परिषदेपुढे ठराव मांडतो. प्रत्येक केसपेपरवर रोग्याचा आणि मूल असेल तर आईबापाचा धंदा लिहावा. भंगार, बॅटरी, डाख देणं, रंगकाम असलेल्या घरातल्या, रक्तक्षय न हटणाऱ्या मुलाच्या रक्तातलं शिसं तपासावं. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर ते येतं कुठून हे शोधून तिथे आळा घालावा. सोलापूरच्या हवेतल्या धातूंचे आकडे नियमित मोजून मराठीत जाहीर करावेत, असं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावं. आशाताईंनी घरोघरी दोन गोष्टी सांगाव्यात : कामाचे कपडे वेगळे धुवा, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि 2022 च्या बॅटरी नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या.

तपासणीला पैसे लागतील, यंत्रांना मंजुरी लागेल, पाठपुरावा करावा लागेल. धंदा विचारायला यातलं काहीच लागत नाही. उद्याच्या ओपीडीपासून सुरुवात करू या.